गोगलगायीची बहीण

रिक्षाचं हूड शिवणं हे बायकांचं काम नाही असं सगळे म्हणत, पण तिच्या हातचा टाका एकदा पाहिला की ड्रायव्हर दुसरीकडे जात नसे. वर जाड रेक्झिन, खाली कॅनव्हास, आणि दाभणाने ओढलेला मेणाचा दोरा. पाऊस आडवा आला तरी थेंब आत यायचा नाही. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या. शेडमध्ये शिलाईचं अवजड मशीन आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या, खोल्यांमध्ये ती आणि तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता आणि ती एकवीसची. पुढे लग्नाची दोन बोलणी आली. दोन्हीकडच्यांनी विचारलं, "भावाचं काय करणार?" तिनं दोन्हीकडच्यांना चहा पाजला आणि दारापर्यंत सोडून आली.

तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे दाभण. बोलायची कमी, पण बोलली की आरपार. शिवाय तिचा डूख वाईट. एका रेक्झिनवाल्यानं कधीतरी तिच्या गळ्यात कुजका माल बांधला होता. तो बिचारा विसरूनही गेला, पण पुढची सात वर्षं तिनं त्याच्याकडून सुईसुद्धा घेतली नाही. त्याचं दुकान चार पावलांवर होतं आणि ती दोन बस बदलून दुसऱ्या बाजारात जायची. भाऊ म्हणायचा, "ताई, त्याला कळत तरी नाही गं तू रागावलीयस ते."

"मला कळतंय ना," ती म्हणायची.

भाऊ अगदी उलट. मऊ, हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो रिक्षा चालवायचा आणि स्टँडवर त्याला गोगलगाय म्हणत. घाईत असलेलं गिऱ्हाईक त्याच्या रिक्षात बसायचंच नाही. पण म्हाताऱ्या माणसांना, पोटुशा बायांना, काचेचं सामान नेणाऱ्यांना तोच लागायचा. पाण्याच्या टाकीपासून खाली बाजारात जो उतार येतो तो भलता तीव्र, मधे दोन वळणं. बाकीचे ड्रायव्हर तिथं गाडी सोडून द्यायचे. हा मात्र टाकीपाशी थांबायचा, दुसरा गिअर टाकायचा आणि चालणाऱ्या माणसाच्या वेगानं खाली यायचा. इंजिन कण्हत राहायचं, गाडी धरून ठेवायचं, ब्रेकला पाय लावायचीही गरज पडायची नाही.

त्या वर्षी बाजारात शोरूम उघडलं. काचेच्या आत नव्या रिक्षा, सगळ्या ऑटोमॅटिक. शोरूमवाला चाळिशीचा, गोरागोमटा, शर्टाच्या बाह्या नेमक्या दोनदा दुमडलेल्या. बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण आजवर मूर्खासारखे जगलो असं वाटावं.

"क्लच नाही, गिअर नाही. हँडलचा कान पिळून रेस द्या आणि चला. डावा हात खिशात घालून चालवा हवी तर!"

भाऊ गाडी बघायला गेला तेव्हा ती बरोबर होती, कारण नव्या हुडाचं माप घ्यायचं होतं. टेप लावता लावता तिनं भावाचा प्रश्न स्वच्छ ऐकला होता.

"साहेब, उतारावर काय करायचं? गिअर नाही तर गाडी धरणार कोण?"

"उतारावर तर आणखी आराम," शोरूमवाला हसून म्हणाला. "सगळं आपोआप होतं. तुम्ही फक्त सावकाश चालवा. सावकाश चालवणाऱ्याला या गाडीत काही भीती नाही."

सावकाश चालवायला गोगलगायीला कुणी सांगायला हवं होतं का? जुनी रिक्षा देऊन त्यानं नवी घेतली. तिनं तिला निळं हूड शिवलं आणि कडेला पांढरी गोट घातली.

नवव्या आठवड्यात, भर दुपारी, मागे फरशीच्या चार पेट्या घेऊन तो टाकीचा उतार उतरत होता. नेहमीसारखा हळू. पहिल्या वळणापर्यंत ब्रेक लागत होते. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे पॅडल खाली जाऊन बसलं आणि गाडी काही थांबेना. इंजिन शांतपणे डुरडुरत होतं, जणू त्याचा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता. खाली शाळेची व्हॅन उभी होती आणि मुलं चढत होती. त्यानं हँडल वळवलं आणि गाडी गोदामाच्या दगडी भिंतीवर घातली.

मुलांना काही झालं नाही. त्याचा डावा पंजा हँडल आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. तीन ऑपरेशनं झाली. हात राहिला, पण मधली तीन बोटं काठीसारखी ताठ झाली. त्या हातानं पेला धरता येईना, मग क्लचची दांडी दाबणं तर दूरच.

चौकशी झाली. चौकशीला गाडीतलं कळणारा माणूस हवा होता, तो कोण? शोरूमवालाच. त्यानं आपल्या टापटीप अक्षरात लिहून दिलं की वाहनात कोणताही दोष आढळला नाही, चालक उतारावर बेफाम वेगात होता. भावाचं लायसन सहा महिने काढून घेतलं.

बातमी स्टँडवर आली तेव्हा ड्रायव्हर हसले. गोगलगाय आणि बेफाम? मग हसता हसता कुणीतरी म्हणालं, "गोगलगाय अन् पोटात पाय. कुणाचं काय सांगावं!" पंधरा दिवसांत हसणं थांबलं आणि तेवढी म्हण उरली.

तिला ते सगळं सहन झालं असतं. झालं नाही ते एकच. एका संध्याकाळी ती भावाच्या बोटांना तेल चोळत होती आणि तो भिंतीकडे बघत म्हणाला, "असेन मी वेगात, ताई. मला नीट आठवत नाही. एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला लिहील?"

तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. त्या माणसाचं आता काही खरं नव्हतं.

मोडलेली रिक्षा शेडमध्ये आणून टाकलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शिलाईच्या मशीनवर चादर टाकली, पाना आणला आणि गाडीच्या मागच्या भागाचं झाकण उघडलं. आत काय काय होतं ते तिला कळेना. एक रुंद रबरी बेल्ट, दोन चकत्या, गोट्यांसारखे सहा रोलर, एक वाटीसारखा ड्रम, त्यात घोड्याच्या नालासारखे तीन तुकडे आणि तीन स्प्रिंगा. एवढं मात्र दिसलं की ब्रेकचे लायनर जळून कोळसा झाले होते आणि या वाटीच्या आतल्या बाजूला जळल्याची खूणसुद्धा नव्हती.

तिनं ते सगळं एका पिशवीत घातलं आणि गल्लीच्या टोकाला स्कूटर दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. त्याच्या नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा असे, म्हणून तो चष्मेवाले काका.

काकांनी तिला तोंडानं काही सांगितलं नाही. एक ऑटोमॅटिक स्कूटर मधल्या स्टँडवर चढवली, झाकण काढलं आणि इंजिन चालू केलं. "बघ. इंजिन चालू आहे, चाक फिरतंय का?"

"नाही."

त्यांनी रेस दिली. आतले नाल गरगर फिरता फिरता बाहेर फाकले, वाटीला चिकटले, आणि चाक जोरात फिरू लागलं. "आता धरलं. आता इंजिन आणि चाक एक झालं." त्यांनी रेस सोडली. इंजिन मंदावलं तसे स्प्रिंगांनी नाल आत ओढून घेतले. चाक मात्र आपलं आपण फिरत राहिलं.

"आता सोडलं," काका म्हणाले. "आता चाक कितीही पळो, इंजिनाला पत्ता नाही. म्हणून तर ही गाडी ढकलून चालू होत नाही. लोक ढकलून ढकलून घामाघूम होतात आणि शेवटी माझ्याकडे येतात."

तिनं ते फिरणारं चाक तळव्यानं थांबवलं. "काका, उतारावर माणूस अगदी हळू चालला असेल तर?"

"तर हा आतला आपोआपचा क्लच सुटणार. वेग अमक्याखाली गेला की सुटणारच. मग सगळा भार ब्रेकवर. ओझं असेल तर ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत."

"आणि जोरात चालला असता तर?"

"तर सुटलंच नसतं. इंजिनानं धरून ठेवलं असतं. आणि सुटलं तरी काय, थोडी रेस द्यायची, पुन्हा पकडतं. पण उतारावर रेस द्यायला कुणाचा हात धजावतो? सांगितल्याशिवाय कुणाला सुचणार?"

"म्हणजे तो हळू होता म्हणून..."

"हळू होता म्हणूनच," काका म्हणाले आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून दुसऱ्या कामाला लागले.

ती पिशवी घेऊन तडक चौकशीच्या कचेरीत गेली. टेबलामागच्या साहेबानं तिचं ऐकून घेतलं, वाटी हातात धरून उलटीपालटी केली आणि विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण काय?"

"मी हुडं शिवते."

साहेब हसला नाही, पण शेजारचा कारकून हसला. साहेबानं वाटी परत दिली. "मग शिवा ना."

घरी येताना तिनं ठरवून टाकलं. आरडाओरडा करायचा नाही. ज्या गोष्टीसाठी आपल्याला हसले ती गोष्ट इतकी शिकायची की पुन्हा हसायची कुणाची छाती होऊ नये. आणि मग त्या माणसाला त्याच्याच तोंडानं खरं बोलायला लावायचं, चार माणसांत.

याला चार वर्षं लागली. सकाळी हुडं, दुपारनंतर काकांकडे. बोटांना ग्रीस लागायचं आणि मग रेक्झिनला डाग पडायचे, म्हणून ती दुपारचे कपडे वेगळे ठेवू लागली. रोलर झिजून चपटे झाले की गाडी चढावर का रडते, बेल्ट भाजल्याचा वास आणि ब्रेक भाजल्याचा वास यांत फरक काय, क्लचच्या स्प्रिंगा कडक घातल्या तर गाडी जागची हलायलाच किती आरडाओरडा करते आणि नरम घातल्या तर सिग्नलला उभी असतानाही कशी पुढे सरकू बघते, हे सगळं ती शिकली. काकांचे डोळे अधू झाल्यावर तर लोक तिलाच विचारू लागले. शेडचा अर्धा भाग हुडांचा आणि अर्धा ऑटोमॅटिकचा झाला.

शोरूमची गिऱ्हाईकं एकेक करून तिच्याकडे यायला लागली. प्रत्येक माणूस आला की तिला थंडगार बरं वाटायचं. "शोरूममध्ये काय म्हणाले?" ती विचारायची. "बेल्ट, रोलर सगळं बदला म्हणाले." मग ती झाकण उघडायची, एक स्प्रिंग बदलायची आणि गाडी पळती करून द्यायची. "जाताना शोरूमवरून जा आणि हॉर्न वाजवा," एवढंच सांगायची. ड्रायव्हरांना वाटायचं ताई गंमत करतेय.

जळलेले ब्रेक लायनर मात्र ती परत देत नसे. तारेत ओवून ठेवायची, प्रत्येकाला चिठ्ठी लावून, कुणाची गाडी, कुठला उतार. चार वर्षांत तारेवर अकरा जोड झाले. त्यांतले नऊ जोड अशा ड्रायव्हरांचे होते की ज्यांनी आयुष्यात कुणाला घासलंही नव्हतं.

भावाला हे आवडत नव्हतं. त्याचं लायसन केव्हाच परत आलं होतं, पण क्लचच्या रिक्षा त्याला चालवता येत नव्हत्या. तो शेडमध्ये एका हातानं तिला गुंडाळ्या काढून द्यायचा, हिशेबाची वही लिहायचा. कधी म्हणायचा, "सोडून दे आता."

"त्यानं लिहिलेलं खोडलं का?"

"नाही."

"मग?"

पाचव्या वर्षी तो दिवस आपल्या पायानं चालत आला. रिक्षा संघटनेच्या साठ जणांच्या गाड्या जुन्या झाल्या होत्या. शोरूमवाल्यानं संघटनेला गाठलं, साठच्या साठ ऑटोमॅटिक घ्या. संघटनेचा अध्यक्ष सरळ माणूस. तो म्हणाला, "आमच्या गाड्या शेवटी ताईच्या हातात येणार. तिला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही."

सभा टाकीजवळच्या मैदानात भरली. शोरूमवाल्यानं नवी कोरी गाडी आणली होती. केसांत थोडं पांढरं आलं होतं, बाह्या अजून दोनदाच दुमडलेल्या. त्यानं तिला ओळखलंच नाही. चार वर्षं ज्याच्यावर दात धरून बसलो त्याला आपली आठवणसुद्धा नाही, हे तिला नव्यानं झोंबलं आणि बरंही वाटलं. सावज सावध नव्हतं.

तिनं तार टेबलावर ठेवली. "हे अकरा जोड. सगळे उतारावर जळलेत."

शोरूमवाला समजूत घालणाऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, हे ड्रायव्हरांचे दोष आहेत. उतारावर वेगात यायचं आणि मग ब्रेकवर उभं राहायचं. सावकाश उतरलं तर गाडी पाळण्यासारखी जाते."

"पाळण्यासारखी?"

"पाळण्यासारखी!"

"मग बसा," ती म्हणाली. "टाकीचा उतार समोरच आहे. तुमचीच गाडी, तुमचेच ब्रेक. मी चालवते, सावकाश. तुम्ही मागे बसा, अध्यक्ष बसतील, आणि आपला ढेरपोट्या बसेल. तिघे बसल्यावर ओझं बरोबर होईल."

ढेरपोट्या म्हणजे स्टँडवरचा सगळ्यात वजनदार ड्रायव्हर. सगळे खो खो हसले आणि त्याला ढकलत गाडीपाशी घेऊन गेले. शोरूमवाल्याच्या चेहऱ्यावर एक सावली येऊन गेली. पण साठ माणसं बघत होती आणि नुकताच तो पाळणा म्हणाला होता. बसावं लागलं.

हे सगळं भाऊही एका कडेला उभा राहून बघत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

उताराच्या तोंडाशी ती थांबली आणि मग चालणाऱ्या माणसाच्या वेगानं निघाली. दहा पावलांवर तिला कळलं, सुटली. हातालाच कळलं, गाडी एकदम हलकी झाली. ती ब्रेकवर पाय ठेवून तशीच हळू आणत राहिली. पहिलं वळण आलं आणि गेलं.

"बघा, किती छान," शोरूमवाला मागून म्हणाला, पण जरा घाईनं.

"ऐका साहेब, इंजिन काय म्हणतंय?"

इंजिन डुरडुरत होतं. उभ्या गाडीचं डुरडुरतं तसं.

"वास येतोय," अध्यक्ष म्हणाला. "काहीतरी जळतंय."

"ब्रेक," ती म्हणाली. "अजून धरतायत, पण पॅडल नरम पडलंय. आणखी थोडं गेलं की खाली बसेल." आणि तिनं पाय उचलला.

गाडी घरंगळायला लागली. आधी सावकाश, मग हुडाची कड फडफडायला लागली. ढेरपोट्यानं दोन्ही हातांनी दांडा धरला. खाली गोदामाची दगडी भिंत दिसू लागली. भावाच्या अपघातात तिथला एक दगड निखळला होता, ती जागा अजून तशीच होती.

"ब्रेक लावा!" शोरूमवाला ओरडला.

"सावकाश चालवणाऱ्याला काही भीती नाही," ती म्हणाली. मागे वळून नाही, समोर बघत. तिचे हात हँडलवर शिवणाऱ्यासारखे स्थिर होते. "माझ्या भावाला तुम्हीच सांगितलं होतं."

"कोण भाऊ? अहो, थांबवा!"

"निळ्या हुडाचा. बेफाम. आठवलं?"

दुसरं वळण धावत अंगावर येत होतं. आणि तेव्हा त्या माणसाच्या तोंडून ते बाहेर पडलं. इतक्या वर्षांची टापटीप एका किंकाळीत गेली.

"रेस दे! अगं बाई, रेस दे थोडी, पकडेल! रेस दिली की पकडतं!"

"काय म्हणालात? अध्यक्षांना ऐकू आलं नाही."

"रेस दे! क्लच सुटलाय, रेस दिल्याशिवाय धरणार नाही!"

तिनं कान पिळला. इंजिन किंचाळलं, आत नाल फाकले, वाटीला चिकटले, आणि अख्ख्या गाडीला मागून कुणीतरी मानगुटीला धरावं तसा हिसका बसला. तिघेही पुढे आपटले. रेस सोडली तशी गाडी कण्हू लागली आणि इंजिनाच्या पकडीत, लगाम खेचल्यासारखी, दुसरं वळण घेऊन खाली आली. भिंतीपासून चार हातांवर तिनं गाडी उभी केली. तापलेल्या ब्रेकनं शेवटचं तेवढं काम केलं.

ढेरपोट्या उतरून रस्त्यावर बसला. अध्यक्षाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो ज्या माणसाकडे बघत होता ती ताई नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," अध्यक्ष म्हणाला.

शोरूमवाल्यानं रुमाल काढला. "सगळ्यांनाच... म्हणजे ते पुस्तकात असतं. ट्रेनिंगमध्ये सांगतात."

"तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?"

रुमालानं मान पुसत तो हळू आवाजात म्हणाला, "उतारावर रेस द्या असं सांगितलं असतं तर जुना ड्रायव्हर गाडी घेतच नाही. घाबरतात."

वरून माणसं धावत येत होती. तिनं गाडीची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. "मला तुमच्याकडून काही नको. माझा भाऊ वर मैदानात उभा आहे. वर चला आणि सगळ्यांसमोर त्याला सांगा. मग कागदावर लिहून द्या. त्याच अक्षरात."

त्यानं सांगितलं. न सांगून करतो काय, चहूबाजूंनी साठ ड्रायव्हर उभे होते. "तुम्ही वेगात नव्हता. हळू होता म्हणून क्लच सुटला. माझा अहवाल चूक होता."

"चूक नाही," ती म्हणाली. "खोटा."

"खोटा होता."

भावानं मान हलवली. त्यानं ना शिवी दिली, ना हात उगारला. "बरं," एवढंच म्हणाला. तिला वाटलं होतं की तो रडेल, किंवा निदान छाती पुढे काढून स्टँडकडे बघेल. पण तो वळून घरी चालायला लागला.

साठ गाड्यांचा सौदा मोडला. कागद कचेरीत गेला, आणि ज्या साहेबानं शिवा म्हणून सांगितलं होतं त्यालाच तो नोंदवून घ्यावा लागला. तीन महिन्यांत शोरूमच्या काचेवर जागा भाड्याने देण्याची पाटी लागली. ती मुद्दाम तिकडून भाजी आणायला जायची आणि ती पाटी अथपासून इतिपर्यंत वाचायची.

घरात मात्र सभेच्या रात्री भाऊ जेवला नाही. ती म्हणाली, "एवढं झालं आणि तुझं तोंड का उतरलंय?"

"तू ब्रेकवरून पाय काढलास तेव्हा गाडीत आणखी दोन माणसं होती, ताई."

"ब्रेक होते. अजून लागत होते. मला वासावरून कळतं."

"मलाही त्या दुपारी ब्रेक आहेत असंच वाटत होतं," तो म्हणाला.

तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं. पण खरं सांगायचं तर तिला पश्चात्ताप नव्हता. अंथरुणावर पडल्यावर तिनं ती किंकाळी मनात पुन्हा पुन्हा ऐकली, आणि दर वेळी तितकीच गोड लागली.

आठवडा गेल्यावर भावानं दुसरंच काढलं. "मला ऑटोमॅटिक हवीय."

तिला वाटलं तो टोमणा मारतोय. पण तो गंभीर होता. "डाव्या हातानं मला क्लच दाबता येत नाही. या गाडीत दाबावाच लागत नाही. मला चालवता येईल अशी तेवढी एकच गाडी आहे."

"त्या गाडीनं तुझा हात घेतला!"

"हात त्या माणसाच्या बोलण्यानं घेतला. गाडी आपलं काम करत होती. मला तिचं काम माहीत नव्हतं, आता आहे." मग म्हणाला, "चार वर्षं तू तिच्या पोटात हात घालून बसलीयस. तुला हे मी सांगायचं?"

ती दोन महिने नाही म्हणत राहिली. तो दोन महिने मागत राहिला. गोगलगायीचा हट्टही गोगलगायीसारखाच, हळू पण थांबत नाही. शेवटी तिनं एक जुनी ऑटोमॅटिक घेतली, क्लचला नरम स्प्रिंगा घातल्या म्हणजे गाडी अगदी कमी वेगापर्यंत धरून ठेवेल, पुढच्या चाकाला मोठा ब्रेक बसवला, आणि टाकीच्या उतारावर त्याला वीस वेळा वरखाली नेलं. सुटली की ती ओरडायची, "सुटली!" आणि त्यानं रेस द्यायची. विसाव्या वेळी तिनं ओरडायच्या आधीच त्यानं दिली होती.

तो पुन्हा स्टँडवर गेला. म्हाताऱ्या बाया पुन्हा त्यालाच शोधू लागल्या. म्हण मागे पडली, नाव राहिलं, आणि नावाला तो हसायचा.

तिचं मात्र संपलेलं नव्हतं. वर्षभरानं एका गिऱ्हाइकाकडून कळलं की शोरूमवाल्यानं तीन तासांवरच्या गावात नवं दुकान काढलंय. काच तीच, गाड्या त्याच. तिनं मशीन बंद केलं, तारेवरचे अकरा जोड पिशवीत घातले आणि भावाला म्हणाली, "रविवारी मला सोड तिकडे."

"नाही सोडणार," भाऊ म्हणाला. "माझं भांडण मिटलं. तुझं तू बघ. बसनं जा."

ती बसनं गेली. तीन तास पिशवी मांडीवर धरून बसली. उतरली ती थेट रिक्षा-स्टँडवर गेली आणि रांगेतल्या पहिल्या ऑटोमॅटिकपाशी उभी राहिली. ड्रायव्हर पेपर वाचत होता.

"कुठं जायचं, ताई?"

"तुमच्या गावातला सगळ्यात वाईट उतार कुठला?" तिनं विचारलं. "तिकडे घ्या. आणि जाताना मला सांगा, ही गाडी विकताना त्यानं तुम्हाला काय काय सांगितलं नाही."